बाईसाहेबांचा पान्हा

३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

रिकामे कॅन पोचले. एकाचं झाकण बदलून आलंय, पण बसतंय तर बसू दे. या खेपेला दूध कमी का, असा तुमचा निरोप बसच्या ड्रायव्हरने सांगितला. निरोपाचा सूर जरा चढा वाटला, पण तो ड्रायव्हरचा असेल असं मी समजून घेतलं.

कारण सांगते. आमच्या बाईसाहेब गाभडल्या. बाईसाहेब म्हणजे ती मोठी उंटीण, जिच्या नाकावर माशी बसत नाही आणि जिच्या एकटीच्या दुधावर तुमचं निम्मं दुकान चालतं. दिवस भरायला अजून अवकाश होता. तुमचे दादा दिवसभर तिच्याशेजारी बसून होते, शेवटी हात घालून त्यांनी पिल्लू ओढून काढलं. मेलेलंच होतं. दादा कोपरापर्यंत माखलेले आणि रडत होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही याच घरात वाढलात. पिल्लू पुढ्यात नसलं की उंटीण पान्हा चोरते, मग कितीही ओढा, थेंब नाही. म्हणून दादांनी मामंजींची रीत केली. पिल्लाचं कातडं सोललं, मीठ चोळून वाळवलं, पेंढा भरून शिवलं. ते पेंढ्याचं पिल्लू पुढे धरलं की बाईसाहेब हुंगतात, चाटतात आणि दूध सोडतात. पण धरणारे दादाच हवेत. मी धरलं की मान वर करून असं बघतात, जणू मी भांडी घासायला आलेली बाई.

त्यामुळे दूध येईल, पण थोडं सावकाश. दादांना मात्र संध्याकाळी अंगात ताप भरतो आणि पहाटे घाम फुटून उतरतो. विचारलं तर म्हणतात, दमलोय. मी म्हटलं, बाळंतीण कोण, ती का तुम्ही?

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

निरोपाचा सूर माझाच होता, ड्रायव्हर बिचारा गरीब आहे. सकाळी दारात गिऱ्हाईकं भांडी घेऊन उभी आणि माझ्या फ्रिजमध्ये तळाशी चार घोट दूध, तेव्हा तुझा सूर कसा लागला असता ते मला बघायचंय.

पिल्लाचं वाचून वाईट वाटलं. बाबा असं कातडं शिवायचे तेव्हा मी आणि दादा त्याला नाव ठेवायचो, आणि आई आम्हाला ओरडायची.

दादाला म्हणावं चहा बंद कर. सडातलं निरसं दूध दोन वेळा पोटभर पाज त्याला, उभ्या उभ्या, फेसासकट. इथे माणसं त्याच्यासाठी रांग लावतात आणि घरचा माणूस चहा पिऊन अशक्त होतो म्हणजे कमाल आहे. माझ्या समोरच्या माडीवर राहणारे मास्तर आहेत ना, शाळेतून निवृत्त झालेले, ते सांगतात की या दुधाने त्यांची साखर आटोक्यात आली. खरं खोटं देव जाणे, पण ते सगळ्या गल्लीला सांगतात आणि गल्ली माझ्याकडे येते. यांच्या माघारी मी कुणापुढे हात न पसरता राहिले ती या दुधावर, हे मी कधी विसरत नाही.

पाटी नवी रंगवून घेतली. वर उंटाचं चित्र आहे. रंगाऱ्याने उंट आयुष्यात पाहिलेला नसावा, घोड्याला टेंगूळ आल्यासारखं दिसतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘ताजे, न तापवलेले’. गिऱ्हाईकाला तेच लागतं.

दूध वाढव.

तुझी नणंद

२ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमच्या आज्ञेप्रमाणे दादांना दोन्ही वेळा धारोष्ण दूध चालू आहे. पितात मुकाट्याने. ताप आठवडाभर जातो, आम्हाला वाटतं सुटलो, आणि पुन्हा येतो. गावातल्या डॉक्टरांनी हिवतापाची इंजेक्शनं दिली, काही फरक नाही. आता कंबर धरली आहे. खाटेवरून उठताना भिंतीला धरून उठतात, आणि मी बघत नाही असं त्यांना वाटतं.

धार काढताना एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवायचा, वर आलेल्या मांडीवर भांडं तोलायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. दादा लहानपणापासून असे उभे राहिले. परवा पाय उचलला आणि तसेच खाली बसले. भांडं गेलं, दूध गेलं. बाईसाहेबांनी पान्हा चोरला तो चोरलाच.

मग मी काय केलं ते ऐका आणि हसा. दादांचा घामट सदरा अंगात चढवला, डोक्याला त्यांचा रुमाल गुंडाळला, पेंढ्याचं पिल्लू काखेत मारलं आणि गेले. बाईसाहेबांनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तुम्ही सगळ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा असंच न्याहाळलं होतं. मग सदरा हुंगला. मग पिल्लू हुंगलं. आणि सोडलं की हो दूध. दादा खाटेवरून सूचना देत होते, मी एका पायावर डुलत होते, निम्मं दूध माझ्या अंगावर. पण कॅन भरला.

आता रोज मीच काढते. सदरा धुवायची सोय नाही. एकदा न राहवून धुतला तर अशी लाथ बसली की मांडी अजून काळीनिळी आहे. वासाला मी सरावले, तुम्ही नाक मुरडू नका.

दादांना हसू येतं या सगळ्याचं. हसताना कंबर दुखते म्हणून थांबतात.

तुमची वहिनी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

हसले, आणि मग पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. दादाने भांडं टाकलं हे मला पटतच नाही. पावसापाण्यात, चिखलात तो एका पायावर उभा राहायचा आणि वर माझ्याशी भांडायचा.

त्याला बसमध्ये बसवून दे. ड्रायव्हरशी मी बोलले आहे, तो पुढची आडवी जागा देईल. इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवते. दुधाची काळजी करू नकोस, म्हणजे कर, पण आधी त्याला पाठव.

तुझी नणंद

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

दादाला परवा परत बसवून दिलं, तो पोचला असेलच. तो काही नीट सांगणार नाही, म्हणून लिहिते. हे पत्र त्याच्यासमोर वाचलंस तरी चालेल.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, माझ्या निम्म्या वयाची. तिने कंबर दाबून पाहिली आणि एकदम विचारलं, घरी जनावरं कोणती? दादा म्हणाला, उंट. तिने विचारलं, एवढ्यात एखादी गाभडली का? पिल्लू कुणी ओढलं? दूध तापवून पिता का तसंच? दादा उत्तरं देत गेला आणि ती लिहीत गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रक्त तपासलं आणि तेच निघालं. जनावराकडून माणसाला येणारा ताप आहे, हाडांत आणि मणक्यांत जाऊन बसतो. गाभडलेल्या पिल्लाच्या घाणीतून येतो, आणि कच्च्या दुधातून.

वहिनी, मी त्याला दोन वेळा पोटभर पाज म्हणून लिहिलं होतं. फेसासकट म्हणून लिहिलं होतं. माझे शब्द मला दिसतात.

औषध आहे. दोन प्रकारच्या गोळ्या, दीड महिना, एकही न चुकवता. तिने दादाला तीनदा बजावलं, बरं वाटलं म्हणून सोडल्या किंवा कमी घेतल्या तर ताप परत येईल आणि मग या गोळ्यांनाही दाद देणार नाही. तपासलेल्या माणसालाच गोळ्या मिळतात, पंधरवड्याच्या पंधरवड्याला. दादाच्या नावावर मी घेऊन ड्रायव्हरबरोबर पाठवत जाईन.

घरात दूध उकळूनच घ्या. ते कातडं पुरून टाक. आणि तुला ताप येतो का, ते खरं सांग. तुला इथे आणून तपासायला तिने सांगितलंय.

आणखी एक. शेवटी तिने विचारलं, दूध कुठे विकता का? दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरापुरतंच असतं. का म्हटलं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

तुझी नणंद

२० एप्रिल

वन्संना नमस्कार.

मला काही होत नाही. मी लोखंडाची आहे, तुमच्या आईच म्हणायच्या, अर्थात कौतुकाने नाही. तिकडे ये म्हणता, पण जनावरं कुणाच्या स्वाधीन करू? सदरा घालून उभं राहायला दुसरं कोण आहे?

दादांच्या गोळ्या चालू आहेत. दूध उकळून देते. ते म्हणतात, याला चव नाही. मी म्हणते, तापाला होती का?

कातडं पुरायला खड्डा खणला होता. मग कॅनकडे पाहिलं. बाकीच्या दोघी आटत आल्यात, दूध बाईसाहेबच देतात, आणि ते कातडं पुरलं की त्याही आटल्या. मग आम्ही काय खायचं आणि तुम्ही काय विकायचं? खड्डा बुजवला. कातडं धरते तेव्हा तोंडाला फडकं बांधते. तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे, पण तुमच्यापासून लपवत नाही.

या खेपेचं सगळं दूध उकळून गार करून पाठवते आहे. चुलीपुढे दुपार गेली. गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळवा.

तुमची वहिनी

५ मे

प्रिय वहिनी,

काय म्हणतं ते सांगते. पहिल्या बाईने वास घेतला आणि भांडं परत दिलं. दुसरीने विचारलं, पाणी घातलंय का? मास्तर माडीवरून खाली उतरले आणि मला वर्गात उभं केल्यासारखं बोलले. म्हणाले, ‘‘तापवलं की गुण गेला. मग गाईचं काय वाईट? आणि पाटीवर तुम्हीच काय लिहिलंय?’’ सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मी म्हटलं, ताप येतो हो यातून. मास्तर म्हणाले, इतकी वर्षं नाही आला तो आताच कसा येईल?  चौथ्या दिवशी दारात कुणी नव्हतं. पलीकडच्या चौकात एकाने कच्चं दूध ठेवायला सुरुवात केली आहे, माणसं तिकडे जातात. तिथलं दूध कुठल्या उंटिणीचं, कुणाला माहीत आणि कोण विचारतं.

दोन आठवडे तग धरला. आता तुला सांगायला लाज वाटते, पण पुन्हा तसंच पाठव. मी प्रत्येकाला सांगेन की घरी नेऊन उकळा. सांगायचं माझं काम. ऐकणार नाहीत, ते मला आत्ताच दिसतंय.

दादा उभा राहायला लागला का?

तुझी नणंद

१८ जून

वन्संना नमस्कार.

पत्राला उशीर झाला, हातात लेखणी धरवत नव्हती. कामाने.

गोळ्या संपेपर्यंत दादा बरे होते. ताप नव्हता, अंगणात फिरत होते, बाईसाहेबांच्या गळ्यात पडून त्यांना माझ्या चुगल्या सांगत होते. आता पुन्हा सगळं पहिल्यासारखं. संध्याकाळी कुडकुडतात. डाव्या पायात जोर नाही. ताप परतल्याचं ड्रायव्हरकडून कळलं तशी तुम्ही त्याच्याबरोबर त्यांना बोलणी पाठवलीत, की गोळ्या चुकवल्या असणार, लहानपणापासून आळशी. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. तुम्ही पुन्हा मिळवलेल्या दुसऱ्या खेपेच्या गोळ्या कालपासून सुरू केल्यात.

गुरांचे डॉक्टर आले होते. चांगला माणूस आहे. सगळ्या जनावरांचं रक्त नेलं आणि आठ दिवसांनी स्वतः सांगायला आले. बाईसाहेबांना आहे, दुसऱ्या एकीलाही आहे. म्हणाले, जनावराला यावर औषध देत नाहीत. वेगळी बांधा, कच्चं दूध विकू नका, विणीला लावू नका, दुसऱ्याला विकू नका. दादांनी विचारलं, मग करू काय?  डॉक्टर म्हणाले, मारून खोल पुरायला हवीत, पण त्याची भरपाई द्यायची काही व्यवस्था माझ्याकडे नाही. सांगायचं माझं काम. तुमचेच शब्द, वन्सं. जो तो आपलं सांगायचं काम करून मोकळा.

दादांनी सगळं ऐकलं आणि भिंतीला धरत गोठ्यात गेले. बाईसाहेब त्यांचे केस चाटत होत्या. मी त्यांना हाक मारली नाही.

जनावरांच्या बाजारातला दलाल दोनदा येऊन गेला. त्याला काही सांगितलेलं नाही.

तुमची वहिनी

२ जुलै

प्रिय वहिनी,

मीही तुझ्यापासून एक गोष्ट ठेवली होती. मास्तरांना मे महिन्यापासून ताप आहे. संध्याकाळी चढतो, पहाटे घामाने उतरतो. त्यांची मुलगी पहिल्यांदा सांगत आली तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तिला म्हटलं, हवा बदलली ना, सगळ्यांनाच येतोय. तुला कळवलं असतं तर तू दूध थांबवलं असतंस. मला ते नको होतं.

काल ती पुन्हा आली. मास्तरांना उठून बसवत नाही. तिने दारात उभं राहून विचारलं, ‘‘काकू, त्यांना अजून तुमचंच दूध देते मी, शक्ती यावी म्हणून. चालेल ना?’’

मी तिला आत घेतलं आणि सगळं सांगितलं.  चप्पल अडकवून ती तशीच घरी गेली. आज तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आता मला ओळखेल, आणि ओळखू दे.

दुकान बंद केलं. पाटी उतरवली. शिवणाचं काम मिळतंय का बघते. तुम्हाला यापुढे माझ्याकडून दुधाचे पैसे येणार नाहीत, आणि हे लिहिताना मला दादाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही एवढंच बरं.

बाईसाहेबांना विकू नका. ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी हेच होईल. काय करायचं ते मला सुचत नाही, पण विकू नका.

तुझी नणंद

२१ जुलै

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी बाईसाहेब गेल्या.

दलालाने गिऱ्हाईक आणलं होतं. तरुण जोडपं. त्याने दात पाहिले, कास पाहिली. ती माझ्यामागे गोठ्यात आली आणि म्हणाली, मला धार काढायची खुबी शिकवा, ही नखरेल आहे म्हणतात. चौथा-पाचवा महिना असेल तिला. पोटाला एक हात लावून बोलत होती.

वन्सं, मी तिला सांगितलं. दलाल बाहेर होता, सगळं सांगितलं. हिला रोग आहे, दूध उकळ, विताना हात लावू नको, आणि तुझ्या अशा दिवसांत तर हिच्या जवळही जाऊ नको. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मावशी, तुम्हाला ती द्यायची नाहीये, मला दिसतंय. माझीही अशीच एक होती, विकताना मीही काय काय सांगितलं होतं.’’ आणि माझी समजूत घालायला लागली. पाठीवरून हात फिरवला माझ्या. म्हणाली, नीट सांभाळीन.

त्यापुढे मी तिला काय सांगायला हवं होतं ते अजून शोधते आहे. तिच्या नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला नको-नको म्हणून भाव वाढवायची ही कुठली तऱ्हा. दादा उठून बसायला बघत होते, त्यांच्याच्याने झालं नाही. बाईसाहेब वळणापर्यंत मागे मान वळवून बघत गेल्या.

आता तुम्हाला एक सांगते. दादांना आळशी म्हणू नका. त्यांनी एकदाही गोळी चुकवली नाही. मला ताप मार्चपासूनच येतो. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही तेव्हाच दुकान बंद केलं असतं, आणि मला तिकडे यायला सांगितलं असतं, आणि इकडे धार काढायला कुणी नव्हतं. मी भांडी घासायच्या निमित्ताने मागे जाऊन कुडकुडत बसायची. गोळ्या सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात दादांनी पकडलं. त्या दिवसापासून प्रत्येक गोळी ते सुरीने मधोमध कापतात, एक अर्धी माझ्या हातावर ठेवतात, मी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत आणि मग आपली अर्धी घेतात. मी नको म्हटलं तर तेही घेत नाहीत. असंच पहिल्या खेपेला केलं, असंच आत्ता चाललंय. सगळी औषधं वेळच्या वेळी, दोघांचीही.

डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं ते मी तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा वाचलं आहे. तरी त्या तुम्हाला भेटल्या तर एवढं विचारा. आमचं नाव सांगू नका, सहज विचारल्यासारखं विचारा. अर्ध्या अर्ध्या घेतल्या, तर निदान अर्धं तरी बरं होतं का?

तुमची वहिनी